ओळखीच्या गावाची पुस्तके आपण नीट वाचतो का?

निंबाची_सावली
(२ जून, रात्री ९.४०)

नमस्कार. यंदाचा नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, मी घरातच काढला. सकाळी अकरानंतर नागपुरातल्या आमच्या प्रतापनगरातला रस्ता ओस पडतो, कूलरच्या टाकीत दोनदा पाणी भरले की दिवस मावळतो आणि निवृत्त माणसाला वाचनावाचून दुसरा उद्योग उरत नाही. तेवढ्या दिवसांत चार पुस्तके वाचून झाली: उद्धव शेळके यांची 'धग', नंदा खरे यांची 'अंताजीची बखर', वसंत मून यांचे 'वस्ती' आणि मिलिंद बोकील यांचे 'गोष्ट मेंढा गावाची'. दोन कादंबऱ्या, एक आत्मकथन आणि एका गावाचा अभ्यास. चारही पुस्तके विदर्भाच्या मातीतली किंवा नागपूरच्या माणसांची निघाली, हे मात्र मी ठरवून केलेले नव्हते.

'धग' मी एकोणिसाव्या वर्षी परीक्षेसाठी वाचली होती. तेव्हा माझा सगळा राग महादेववर होता आणि त्याच्या बायकोची, कौतिकची, फक्त कीव येत होती. या खेपेस कीव आली नाही. मोडेन पण हात पसरणार नाही, हा तिचा ताठा मला पानोपानी दिसत राहिला आणि तो ताठाच तिला किती महागात पडतो हेही दिसले. १९६० सालच्या कादंबरीत एका बाईला लेखकाने इतके हट्टी राहू दिले, याचे आता अधिक नवल वाटते.

'वस्ती' वाचताना मात्र वेगळेच घडले. मी बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, एका बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली. मून यांनी वर्णन केलेला परिसर माझ्या रोजच्या वाटेवरचा. प्रत्येक ओळखीची खूण आली की मी खूश होत होते, 'अरे, ही तर आपलीच वाट' असे म्हणत पान उलटत होते, आणि शंभरेक पानांनंतर माझ्या लक्षात आले की मी पुस्तक वाचतच नव्हते, खुणा मोजत होते.

म्हणून हा धागा. आपल्या गावाचे, आपल्या बोलीचे पुस्तक हाती आले की आपण लेखकाला सूट देतो का? की ओळखीमुळे अधिक कठोरपणे वाचतो? आपापली अलीकडची वाचने सांगावीत, विदर्भाचीच हवीत असे नाही.

दुपारचा_चहा

ताई, आम्ही आधी पुस्तकालाच सूट देतो, म्हणजे उशाशी ठेवून झोपतो. तरीही धागा वाचत आहे.

ओळीबाहेर

मला मूळ प्रश्नच थोडा चुकलेला वाटतो. कादंबरीला पिनकोड नसतो. ती चांगली असते किंवा नसते. ती वर्धेत घडली की व्हेनिसमध्ये, याने काही फरक पडू नये. आपल्याकडे 'आपला लेखक' म्हणून कौतुक करण्याची खोड इतकी वाढली आहे की प्रत्येक सत्कारात मातीचा गंध दरवळतो आणि पुस्तक कोणी उघडलेले नसते.

याच महिन्यात मी 'रणांगण' दुसऱ्यांदा वाचली. विश्राम बेडेकर जन्माने अमरावतीचे, पण १९३९ सालच्या त्या कादंबरीत वऱ्हाडाचे एक ढेकूळसुद्धा नाही. युरोपातून निघालेले जहाज, त्यावरचे निर्वासित ज्यू, चक्रधर आणि हॅर्टा. इतक्या लहान पुस्तकात इतका एकटेपणा मावतो, हे पुन्हा वाचतानाही खरे वाटत नाही. त्या जहाजावर ओळखीची एकही खूण नसताना मी दोन्ही वेळा शेवटच्या पानांवर थांबलो. मग ओळखीचे महत्त्व उरते कुठे?

महालकर

ओळीबाहेर, आपले म्हणणे ऐकायला ठीक आहे, पण त्यात एक गोष्ट सुटते. खुणा ओळखीच्या असण्याचा प्रश्न एकट्या नागपूरकराला पडतो, कारण त्याला तशी संधीच फार क्वचित मिळाली. मी नागपूरच्या महाल भागातल्या शाळेत शिकलो. आमच्या पाठ्यपुस्तकात माड होते, पोफळी होत्या, मुठा नदीचा पूल होता, ओटीवरचा झोपाळा होता. आम्ही समुद्र न पाहता भरती-ओहोटी पाठ केली आणि कधी तक्रार केली नाही. गो. नी. दांडेकर यांची 'पडघवली' वाचताना कोकणातला प्रत्येक शब्द आम्ही समजून घेतला. आणि दांडेकर तर जन्माने परतवाड्याचे! उलट 'धग' मी एका पुण्याच्या स्नेह्यांना भेट दिली, तेव्हा त्यांनी वीस पानांनंतर ती परत केली व म्हणाले, "भाषा फार अवघड आहे हो." निवेदन प्रमाण मराठीत आहे, फक्त माणसे वऱ्हाडीत बोलतात, तरीही त्यांना ती अवघड गेली.

तेव्हा ताईंनी 'आपली वाट' म्हणून पान उलटले असेल, तर त्यात मला लाज वाटण्यासारखे काही दिसत नाही. सत्तर वर्षांची उपासमार आहे ही. पहिल्या घासाला माणूस चव पाहत नाही.

शब्दवेडी

काका, तुमचे शेवटचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे.

'धग'विषयी थोडे. मी वाचनालयातून आणलेल्या प्रतीत कोणीतरी समासात पेन्सिलीने वऱ्हाडी शब्दांचे अर्थ लिहिले आहेत. पहिल्या तीस-चाळीस पानांत प्रत्येक पानावर चार-पाच शब्द, मग ते कमी होत जातात आणि शंभराव्या पानाच्या आसपास पेन्सिल पूर्ण थांबते. त्या अनोळखी वाचकाने पुस्तक सोडून दिले असे मला आधी वाटले. परंतु अगदी शेवटच्या पानावर त्याच पेन्सिलीची एक बारीक उभी रेघ आहे. म्हणजे त्याला शंभर पानांत भाषा आली आणि पुढे अर्थ लिहिण्याची गरज उरली नाही. काकांच्या स्नेह्यांनी आणखी ऐंशी पाने धीर धरायला हवा होता.

आमच्या घरी आई 'वावर', 'भेदरं', 'फल्ली' हे शब्द आजही वापरते आणि पाहुणे आले की 'शेत', 'टोमॅटो', 'शेंगदाणे' म्हणते. 'धग' वाचल्यापासून पाहुण्यांसमोरही ती 'भेदरं'च म्हणावी, असा माझा हट्ट आहे. ती ऐकत नाही.

महालकर

वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवणाऱ्याचे कौतुक करू नये. कारण कितीही चांगले असले तरी.

दुपारचा_चहा

काका, ती पेन्सिल होती. आमच्या भागातल्या वाचनालयात रहस्यकथेच्या पहिल्याच पानावर कोणीतरी निळ्या शाईच्या पेनने खुन्याचे नाव लिहून ठेवले होते. तेव्हापासून मी वैचारिक पुस्तकांकडे वळलो. त्यांत खुनी कोण हे लेखक स्वतःच प्रस्तावनेत सांगून टाकतो.

पूल_आणि_पाणी

'अंताजीची बखर' हा विषय निघाला म्हणून लिहितो. नंदा खरे पेशाने स्थापत्य अभियंता होते आणि मीही त्याच पेशातला. त्यामुळे माझ्या वाचनात पक्षपात आहे, हे आधीच कबूल करतो.

अंताजी हा नागपूरकर भोसल्यांचा बातमीदार बंगालच्या मोहिमेत सापडतो. तो शूर नाही. त्याला इतिहास घडवायचा नसून जीव वाचवायचा आहे, आणि जमलेच तर चार पैसे गाठीला बांधायचे आहेत. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबरीत घोडा नेहमी उधळलेला असतो. इथे घोड्याला चारा लागतो, चाऱ्याला पैसा लागतो, पैशासाठी गाव लुटावे लागते. मोहीम पोटावर कशी चालते, हा हिशेब मला इतर कोणत्याही मराठी ऐतिहासिक कादंबरीत इतका स्पष्ट दिसलेला नाही. हा अभियंत्याचा हिशेब आहे. पुलाला वजन कुठून येते आणि ते कुठे उतरते, एवढेच तो पाहतो.

त्याचा पुढचा भाग 'बखर अंतकाळाची'. त्यात मराठी सत्ता संपते. तो मला पहिल्याइतका चपळ वाटला नाही. माहिती काही ठिकाणी गोष्टीच्या पुढे धावते. पण त्यांची २०१४ सालची 'उद्या' अवश्य वाचावी. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला, तो त्यांनी नम्रपणे नाकारला. समाजाने आपल्याला भरपूर दिले आहे, अशा अर्थाचे कारण त्यांनी दिले होते.

ताईंच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की खरे यांनी नागपूरच्या वाचकाला अजिबात सूट दिलेली नाही, मग वाचकाने लेखकाला ती देण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याच गावाच्या फौजेने दुसऱ्याच्या मुलखात काय केले, हे हसत हसत सांगणारे पुस्तक आहे ते. हसू ओसरल्यावर त्रास होतो.

धंतोलीचा_शेजारी

वरच्या प्रतिसादाला जोडून एक अनुभव.

आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब तीन पिढ्यांपासून आहे. बंगाल नागपूर रेल्वे १८८७ साली स्थापन झाली आणि तिच्या मागोमाग बरीच बंगाली कुटुंबे या शहरात आली. त्यांचे पणजोबा त्यांपैकीच. मी 'अंताजीची बखर' वाचत असताना त्या घरातल्या ऐंशी वर्षांच्या मावशींनी विचारले, "काय वाचतोस?" मी मोठ्या उत्साहाने सांगितले की आमच्या नागपूरच्या भोसल्यांच्या बंगाल स्वारीची गोष्ट आहे. त्या म्हणाल्या, "बर्गी?" आणि लगेच एक अंगाईगीत गुणगुणल्या. मूल झोपले, आळी निवांत झाली, देशात बर्गी आले. बुलबुलांनी धान खाऊन टाकले, आता सारा कशाने भरायचा?

मला हे गीत ऐकून माहीत होते, पण ते गाताना कोणाला पाहिले नव्हते. 'बर्गी' म्हणजे आपला 'बारगीर', सरकारी घोड्यावरचा स्वार. आपल्याकडे तो शब्द आडनावापुरता उरला आणि तिकडे लहान मुलांना भीती घालण्यासाठी. १७४२ साली कलकत्त्यात मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणला गेला, १७४४ साली बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बोलणी करायला बोलावून दगा देऊन मारले आणि १७५१ साली वर्षाला बारा लाख रुपये चौथाई ठरली, हे सगळे मी पुस्तकांतून वाचले होते. त्यांतले भास्कररामांचे मरण तेवढे मला दुःखद वाटत आले होते. मावशींच्या गाण्याच्या बाजूने पाहिले तर मात्र ते मेले म्हणून लोक सुटले.

"आणि तरी तुमचे आजोबा नागपुरातच राहिले?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "पगार वेळेवर मिळत होता."

पूल_आणि_पाणी

हे वाक्य अंताजीचे शोभले असते.

ओळीबाहेर

धंतोलीचा_शेजारी, सुंदर लिहिले आहे. परंतु माझ्याच मुद्द्याला बळ मिळाले, असे नम्रपणे नमूद करतो. ओळखीच्या बाजूने वाचले तेव्हा आपल्याला फक्त भास्करराम दिसले.

पुण्यातला_नागपूरकर

मी अठरा वर्षे बाहेर आहे. ओळीबाहेर यांचा पिनकोडचा मुद्दा घरात बसून पटतो. बाहेर राहून पटत नाही. २०२५ च्या जूनमध्ये अरण्यलेखक मारुती चितमपल्ली गेले, त्यानंतर मी 'चकवाचांदण' आणि 'नवेगावबांधचे दिवस' ही दोन्ही पुस्तके पुन्हा काढली. त्यांच्या गद्यात दोष दाखवता येतील. काही ठिकाणी पुनरुक्ती आहे, काही ठिकाणी दंतकथा आणि निरीक्षण यांच्यामधली रेघ पुसट आहे. हे सगळे मला दिसते. तरीही तलावावर पहाटे उतरणाऱ्या पक्ष्यांचे वर्णन आले की मी पुस्तक मिटून ठेवतो आणि आईला फोन करतो. याला सूट म्हणायचे असेल तर म्हणावे.

झाडीपट्टी_मास्तर

मूळ धाग्यातल्या चौथ्या पुस्तकाकडे कोणी वळले नाही, म्हणून मी लिहितो. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात तीन वर्षे शिक्षक होतो. पुस्तकातले गाव, मेंढा लेखा, तिथून जवळ. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना ठाऊक असते आणि बहुतेकांचे त्या गावाविषयीचे ज्ञान तिथेच संपते. बोकिलांच्या पुस्तकाचे मोल असे की ते घोषणेपाशी थांबत नाही. ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो, हे वाक्य लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात याचा अर्थ असा की एका माणसाला पटत नसेल तर सगळे गाव थांबते, पुन्हा बसते, अभ्यासगटात तोच विषय परत निघतो. गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, त्याच्या मागे अशा किती बैठका असतील याचा अंदाज पुस्तक वाचून येतो.

मी स्वतः त्या भागातल्या दुसऱ्या एका गावात अशी बैठक पाहिली आहे. विषय होता तलावाच्या मासळीचा. संध्याकाळी सातला बसलेली माणसे साडेदहापर्यंत बोलत होती आणि त्यातला तासभर तरी कोणीच बोलत नव्हते. माझ्यासारख्या पगारी माणसाला ती शांतता असह्य झाली. मी दोनदा घड्याळ पाहिले. शेजारच्या म्हाताऱ्याने हळूच विचारले, "गुरुजी, गाडी आहे का?" गाडी कसली, मी त्याच गावात राहत होतो.

पुस्तकावर माझा एक आक्षेप आहे. लेखकाचे त्या गावावर प्रेम जडले आहे आणि त्यामुळे गावातली कुरबुर, रुसवे, चुलत्यांमधली भांडणे जराशी विरळ झाली आहेत. हे मी तिथल्या ओळखीमुळे म्हणू शकतो. म्हणजे ताई, ओळखीमुळे माणूस कठोरही होतो, हे माझे उत्तर.

दुपारचा_चहा

मास्तर, आमच्या सोसायटीची वार्षिक सभा तुमच्या त्या तळ्यावर भरवता येईल काय? तासभर कोणी बोलत नाही, ही कल्पनाच इतकी शीतल आहे की कूलर बंद करावासा वाटला.

रात्रपाळी

मी या ठिकाणी पहिल्यांदाच लिहीत आहे. रुग्णालयात परिचारिका आहे. लोकमान्य नगरहून मेट्रोने बर्डीपर्यंत येते आणि जागा मिळाली तर वाचते, नाही मिळाली तर उभ्यानेही वाचते.

निंबाची_सावली ताई, जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नये. 'वस्ती' तुमच्या ओळखीच्या जागेचे पुस्तक आहे, असे तुम्ही लिहिले. एकतीस वर्षे तुम्ही त्या रस्त्याने गेलात, त्यामुळे रस्ता ओळखीचा झाला. पण जी माणसे पुस्तकात आहेत ती तुमच्या ओळखीची नव्हती. मग खुणा मोजून झाल्यावर जे उरले ते तुमच्यासाठी 'रणांगण'मधल्या जहाजाइतकेच परके असायला हवे होते. ते परके वाटले का, हे तुम्ही लिहिलेले नाही.

माझी आजी अशाच एका दलित वस्तीत वाढली. १४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी ती सात वर्षांची होती आणि वडिलांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेली होती. तिला भाषणातले काही आठवत नाही. पांढरे कपडे आठवतात आणि वडिलांचे केस हातात घट्ट धरले होते ते आठवते. मून यांच्या पुस्तकातली भूक, आंबेडकरी चळवळीतल्या समता सैनिक दलाची पोरे, पहिलवान, हे सगळे तिच्याकडून मी ऐकत आले होते. त्यामुळे मला पुस्तकात नवीन काय मिळाले, असे कोणी विचारले तर मी सांगेन की विनोद. आजी हे सगळे सांगताना रडत असे. मून ते सांगताना पुष्कळदा हसवतात. वस्तीत मजाही होती, पोरे खोड्याही करत होती, हे घरात आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते, कारण घरातल्यांना आम्ही शिकावे म्हणून फक्त कष्टच सांगायचे होते.

तेव्हा ओळखीच्या माणसालाही पुस्तक काहीतरी अनोळखी देऊ शकते.

आणखी एक. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' १९८१ चे आहे. त्याही नागपूरच्या. संस्कृत शिकण्याची आणि शिकवण्याची हकीकत त्यांनी लिहिली आहे. वर्गात कौतुक करणारे लोक त्याच श्वासात कसे बोचतात, हे त्यांनी ज्या संयमाने लिहिले तो संयम मला अजून जमत नाही.

महालकर

बाळ, उत्तम लिहिलेस. लिहीत राहा.

निंबाची_सावली

रात्रपाळी, राग मुळीच आला नाही. दोन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण 'वस्ती' पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले होते.

आपण विचारले ते खरे आहे. परके वाटले का, हे मी लिहिले नाही, कारण परके वाटू नये अशी माझी इच्छा होती. या वेळी मी खुणांकडे लक्ष द्यायचे नाही असे ठरवले. मग जे वाचले त्यातली एक गोष्ट सांगते. मून यांनी लिहिलेल्या काळातल्या बायका भल्या पहाटे कामाला निघत. माझ्या माहेरी धरमपेठेत भांडी घासायला एक बाई येत असत. त्यांना आम्ही नावाने हाक मारत होतो, मी आठ वर्षांची असूनही. त्या कुठून येतात, हे मी कधी विचारले नाही. 'बर्डीकडून' एवढे माहीत होते. पुस्तकात त्या बाई नाहीत, असण्याचे कारणही नाही. पण दुसऱ्या वाचनात प्रत्येक पानावर मी त्यांना शोधत होते आणि त्यांचे आडनाव मला आठवत नव्हते. आईला विचारले असते, आई आता नाही.

'अंतःस्फोट' मिळवले आहे. अर्धे झाले. सावकाश वाचत आहे.

शब्दवेडी

ताई, मला वाटते तुमच्या मूळ प्रश्नापेक्षा हे अधिक महत्त्वाचे लिहून झाले.

ओळीबाहेर

मी माघार घेत नाही, पण 'वस्ती' मागवले आहे.

दुपारचा_चहा

ओळीबाहेर यांनी पुस्तक मागवले म्हणजे माघारच झाली, फक्त कुरिअरने.

वैनगंगाकाठ

उशिरा लिहितो, क्षमा असावी. माझे आजोळ भंडारा जिल्ह्यातले, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलेल्या गावांपैकी. राजीव गांधींच्या हस्ते १९८८ साली पायाभरणी झाली तेव्हा आजी चाळिशीत होती आणि आमच्या गावात पेढे वाटले गेले होते, असे ती सांगते. ती आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, दृष्टी अधू झाली आहे, माझ्याकडे नंदनवनात राहते. मोबदल्याच्या कागदांसाठी तिने एका कार्यालयात किती खेटे घातले, याचा हिशेब तिच्याजवळ पक्का आहे आणि तो ती पाहुण्यांनाही ऐकवते.

मे महिन्यात वीज गेलेली असताना मी तिला सहज विश्वास पाटील यांची 'झाडाझडती' वाचून दाखवू लागलो. १९९१ ची कादंबरी, धरणग्रस्तांची, मुलूख पश्चिम महाराष्ट्राचा. तिथली नदी वेगळी, पीक वेगळे, बोलणे तर पुष्कळच वेगळे. मला वाटले आजी कंटाळेल. खैरमोडे गुरुजी कागद घेऊन कार्यालयात ताटकळतात तो भाग आला, तेव्हा ती म्हणाली, "हे त्याला कोणी सांगितलं?" मी म्हटले, "कोणाला?" ती म्हणाली, "लिहिणाऱ्याला. माझं त्याला कोणी सांगितलं?"

आम्ही रोज रात्री दहा-बारा पाने वाचत होतो. एके रात्री ती मध्येच उठून आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जुना सातबारा घेऊन आली. दाखवण्यासाठी नव्हे. वाचन संपेपर्यंत तो मांडीवर धरून बसली.

त्या दृष्टीने ओळीबाहेर यांचे म्हणणे मला अर्धे पटते. जागा परकी होती. पण ओळख नव्हती असे कसे म्हणू?

आता तिला पुढे काय वाचून दाखवावे, हे विचारण्यासाठी मुख्यतः लिहीत आहे. फार दुःखी नको.

महालकर

'फार दुःखी नको' या अटीवर मराठी कादंबरी शोधणे म्हणजे नवतप्यात गारवा शोधणे आहे. तरीही मी 'धग' सुचवीन. दुःखी आहे, पण बोलणे आपल्या भागाचे आहे. आजींना एकही शब्द समजावून सांगावा लागणार नाही, उलट आपण अडखळाल तिथे त्या आपल्याला सांगतील.

शब्दवेडी

माझी प्रत शनिवारी परत जात आहे. पेन्सिलीसकट.

वैनगंगाकाठ
(२१ जून)

'धग' आणली. काल पहिली पाने वाचली. कौतिक बोलू लागताच आजीने हात वर करून मला थांबवले.

"हे आपल्याकडचं नाही," ती म्हणाली. "हे वऱ्हाडातलं आहे."

मी म्हटले, आजी, विदर्भच आहे. तिने मला चार शब्द उदाहरणादाखल म्हणून दाखवले. वऱ्हाडी माणूस 'डोया' म्हणतो, आम्ही झाडीतले, म्हणजे पूर्व विदर्भातले, 'डोरा' म्हणतो. तिच्या एका नणंदेचे सासर अमरावतीकडचे होते. ती माहेरी आली की सगळ्या मुली तिची नक्कल करीत, आणि तेव्हाच्या नकला आजीला अजून पाठ आहेत. त्यानंतर अर्धा तास मला त्या ऐकाव्या लागल्या.

मग ती लोडाला टेकली आणि म्हणाली, "वाच पुढे. नणंदेच्या आवाजात वाच."